बालेवाडीला मैदानी स्पर्धा बघायला जाताय? एक शर्यत निवडा

नाशिकरोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी नववीत आहे, वर्षभरापासून ग्राउंडवर जाते आणि ८०० मीटर धावते. पुढच्या महिन्यात बालेवाडीला राष्ट्रीय पातळीची मैदानी स्पर्धा आहे, तिथे तिला न्यायचं मनात आहे. त्या लिहितात, "आम्ही दोघांनी स्टेडियममध्ये बसून ॲथलेटिक्स कधीच बघितलेलं नाही. एकाच वेळी चार ठिकाणी काही ना काही चालू असतं म्हणे, मग बघायचं तरी काय? कुठे बसायचं? एक दिवस पुरेल का? आणि तिला यातून काही शिकायला मिळेल, की नुसती सहल होईल?"

ताई, जरूर जा. आणि एक नाही, दोन दिवस जा. का ते पुढे सांगतो.

मी तीस वर्षं नाशिकमध्ये पी.टी. शिकवली. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धांत कधी टेप धरून, कधी झेंडा घेऊन, कधी लॅप मोजत उन्हात उभा राहिलोय. पण प्रेक्षक म्हणून गॅलरीत बसलो, तेव्हाच मला हा खेळ खरा कळायला लागला. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे गेलो. २०१३ ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धाही तिथेच झाली. विकास गौडाचं थाळीफेकीतलं सुवर्ण आणि आपल्या मुलींचं चार बाय चारशे रिलेचं सुवर्ण त्याच मैदानावरचं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की सगळं बघायचंच नाही. इथेच बहुतेक कुटुंबं दमतात. इकडे गोळाफेक चालू, तिकडे उंच उडी, मध्येच १०० मीटरच्या हीट, म्हणजे फायनलआधीच्या फेऱ्या, सुटतात, लाउडस्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारलं जातं. नजर इकडून तिकडे पळत राहते आणि दोन तासांनी मुलं मोबाइल काढतात. तुम्ही एक शर्यत निवडा. तुमच्या बाबतीत ती ठरलेलीच आहे, मुलींची किंवा महिलांची ८०० मीटर. ती शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवा आणि बाकीचं तिच्या कडेने जसं दिसेल तसं दिसू द्या.

सुरुवात म्हणजे पिस्तुलाचा आवाज नव्हे. त्याच्या खूप आधी मुली वॉर्म-अपला आलेल्या असतात. मुख्य मैदानाबाहेर सरावाचा ट्रॅक असतो, तिथे कुंपणाबाहेरून बघता आलं तर अर्धा तास तिथेच काढा. कोणी किती हळू सुरुवात करते, कोणी स्ट्राइड, म्हणजे लांब ढांगांची छोटी धाव, मारते, कोण एकटी बसून डोळे मिटते, कोण सरांच्या मागे मागे फिरते, हे तुमच्या मुलीने नीट बघावं. वॉर्म-अप हा आपल्याकडच्या मुलांचा सगळ्यात कच्चा भाग आहे. शाळेच्या स्पर्धेत मुलं झाडाखाली गप्पा मारत बसतात आणि नाव पुकारलं की तशीच थेट स्टार्टलाइनवर येतात. राष्ट्रीय पातळीची मुलगी दोन मिनिटं धावण्यासाठी पाऊण तास तयारी करते. हे मी तोंडाने शंभर वेळा सांगितलं तरी पटत नाही, एकदा डोळ्यांनी बघितलं की पटतं.

मग त्या कॉल रूममध्ये जातात. तिथे नंबर, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), किट तपासलं जातं आणि मग रांगेने मैदानावर आणलं जातं. स्टार्टलाइनजवळ प्रत्येकीसमोर एक टोपली ठेवलेली असते. ट्रॅकसूट, जाड मोजे, पाण्याची बाटली, सगळं त्यात टाकायचं. शर्यत सुरू झाली की स्वयंसेवक त्या टोपल्या उचलून फिनिशकडे नेतात. मुलीला सांगा, एका टोपलीवर नजर ठेव. ती टोपली जिची, ती आजची आपली खेळाडू. तिचा नंबर वहीत लिहून ठेव. जिंकणारीच निवडायची गरज नाही. उलट मी म्हणेन, चौथ्या-पाचव्या नंबरावर येईल अशी निवडावी. टीव्हीच्या कॅमेऱ्यात ती दोन सेकंद दिसते, इथे मात्र तुम्हाला ती पूर्ण दिसेल.

आता कुठे बसायचं. १९९४ ला मला सगळ्यात पुढची रांग मिळाली होती आणि आपण फार नशीबवान, असं वाटलं होतं. रिले सुरू झाली आणि समोरची सरळ सोडून मला काहीच दिसेना. मध्ये पंचांच्या खुर्च्या, फलक, फोटोग्राफर. पलीकडच्या सरळीवर कोण पुढे निघालं, ते मागच्या लोकांच्या ओरडण्यावरून कळत होतं. तेव्हापासून मी कायम दहा-पंधरा रांगा वर बसतो. वरून ट्रॅक नकाशासारखा पसरतो, लेनमधली अंतरं कळतात आणि मैदानाच्या मधल्या फेकी-उड्याही दिसतात. फिनिशच्या बाजूच्या मुख्य स्टँडमध्ये, फिनिशलाइनपासून थोडं अलीकडे, म्हणजे शेवटच्या सरळीच्या साधारण मध्यावर जागा धरा. शेवटच्या साठ-सत्तर मीटरमध्ये कोणाचे खांदे वर चढतात, कोणाचे गुडघे खाली येतात, ते तिथून दिसतं. ८०० ची शर्यत बहुतेक वेळा तिथेच जिंकली किंवा हरली जाते. बहुतेक स्टेडियममध्ये हा स्टँड पश्चिमेला असतो, त्यामुळे दुपारनंतर ऊन पाठीवर येतं, डोळ्यांत जात नाही.

८०० मीटरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची मुलगी तेच धावते.

सुरुवातीला मुली वेगवेगळ्या रेषांवर उभ्या असतात. पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये धावायचं असतं आणि बाहेरच्या लेनचं वळण लांब पडतं, म्हणून तिला तेवढी सूट दिलेली असते. वळण संपलं की ट्रॅकवर हिरवी वक्र रेषा दिसेल, कडेला छोटे शंकू ठेवलेले असतात. ती ब्रेकलाइन. तिथून पुढे सगळ्यांना आत यायची मुभा असते. इथे बघा काय होतं. नवख्या मुली ब्रेकलाइन ओलांडताच काटकोनात वळल्यासारख्या आत घुसतात, धक्काबुक्की होते, पाय अडकतात. जाणत्या मुली पलीकडच्या पूर्ण सरळीभर हळूहळू तिरक्या येतात आणि पुढच्या वळणाच्या तोंडाशी पहिल्या लेनमध्ये पोहोचतात. तिरकी वाट लांब पडत नाही का, असं मुलं विचारतात. शंभर मीटर लांबीत पाच-सात मीटर आत सरकायला जास्तीचं अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास पडतं. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

खरं अंतर जातं ते वळणावर. लेन १.२२ मीटर रुंद असते. पूर्ण लॅप दुसऱ्या लेनमधून धावलं तर ४०० ऐवजी साधारण ४०७ मीटर पडतात, म्हणजे एका वळणाला साडेतीन मीटर जास्त. ब्रेकलाइननंतर ८०० मध्ये तीन वळणं उरतात. तिन्ही वळणं कोणी दुसऱ्या लेनमधून घेतली, तर ती साडेदहा मीटर जास्त धावली. दोन मिनिटं दहा सेकंदांत ८०० मारणाऱ्या मुलीसाठी ते जवळजवळ पावणेदोन सेकंद झाले. पावणेदोन सेकंदांत पदक आणि सहावा नंबर यांतला फरक सहज निघतो. आणि तरीही काही मुली मुद्दाम दुसऱ्या लेनमध्ये, पुढच्या मुलीच्या खांद्याशी राहतात. पहिल्या लेनमध्ये कडेला अडकलं, पुढे एक आणि बाजूला एक असली, की मोक्याच्या क्षणी बाहेर पडता येत नाही. साडेतीन मीटर मोजायचे की वाट मोकळी ठेवायची, हा निर्णय ती धावता धावता, धाप लागलेली असताना घेत असते. गॅलरीतून ती हा निर्णय घेताना दिसते. तुमच्या मुलीला त्या एका गोष्टीवर लक्ष ठेवायला सांगा: आपली खेळाडू वळणावर कुठे होती आणि का होती.

स्टॉपवॉच न्या. मोबाइलचं चालेल, पण साधं हातातलं असेल तर बरं, मोबाइलवर मेसेज येतात. पिस्तुलाचा धूर किंवा फ्लॅश दिसला की सुरू करायचं, आवाजाची वाट बघायची नाही, आवाज पोहोचायला वेळ लागतो. पहिला लॅप संपताना आपल्या खेळाडूची वेळ टिपायची आणि शेवटी पूर्ण वेळ. दोन्हींची वजाबाकी केली की दुसरा लॅप मिळतो. डेव्हिड रुडिशाने २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला लॅप ४९.२८ सेकंदांचा होता, म्हणजे दुसरा ५१.६३. जगातला सर्वोत्तम धावपटूही दुसऱ्या लॅपमध्ये सव्वादोन सेकंदांहून थोडा जास्त हळू झाला. आपल्या शाळेतल्या मुलींचा दुसरा लॅप कधी कधी दहा-बारा सेकंदांनी लांबतो, कारण पहिले दोनशे मीटर शंभरच्या शर्यतीसारखे काढलेले असतात. हीटमधल्या चार-पाच मुलींचे दोन्ही लॅप वहीत लिहिले, की हे चित्र आपोआप समोर येतं.

हीटमध्ये आणखी एक गंमत असते, ती माहीत नसेल तर सगळं विचित्र वाटतं. पहिली आलेली मुलगी शेवटचे वीस मीटर मागे वळून बघत आरामात येते आणि लोक म्हणतात, हिला धावायचंच नाही वाटतं. तसं नसतं. प्रत्येक हीटमधून ठरावीक नंबर थेट फायनलला जातात, निकालात त्यांच्यापुढे मोठा क्यू (Q) लिहितात. उरलेल्या जागा सगळ्या हीट मिळून पुढच्या चांगल्या वेळांना जातात, त्यांच्यापुढे छोटा क्यू (q). ज्या मुलीची जागा पक्की झाली, ती पाय वाचवते, तिला फायनल धावायचीय. आणि शेवटच्या हीटच्या मुलींना किती वेळ मारली तर छोटा क्यू मिळेल हे ठाऊक असतं, म्हणून ती हीट पहिल्यापासूनच तापलेली असते. यासाठीच म्हणतो दोन दिवस जा. हीट आणि फायनल बहुधा वेगळ्या दिवशी असतात. हीट न बघता फायनल बघणं म्हणजे कीर्तनाला फक्त आरतीपुरतं जाण्यासारखं आहे.

लांब पल्ल्याची शर्यत दिवसात असेलच, आणि आपण नाशिककरांनी ती सोडू नये. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, भारतीय महिलेचं त्या स्पर्धेतलं ट्रॅकवरचं ते पहिलं वैयक्तिक पदक. दीड महिन्याने ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटं ५०.४७ सेकंदांत पहिली आली आणि कविता ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत दुसरी. पंचवीस लॅप धावून दोघींमध्ये एका सेकंदाहून कमी अंतर. ही वेळ पंचवीसने भागली तर लॅपला साधारण ७६ सेकंद येतात. तुमच्या मुलीला ग्राउंडवर एक लॅप ७६ सेकंदांत मारायला सांगा, आणि मग असे पंचवीस, न थांबता, हे तिला सांगा. मी वर्गात हा आकडा सांगायचो तेव्हा मुलं गप्प व्हायची. लांब शर्यतीत लॅप मोजायला विसरू नका. मागच्या मुलींना लॅप बसतो, मग पुढे दिसणारी कधी कधी खरं तर एक लॅप मागे असते. फिनिशजवळ लॅपचा आकडा दाखवणारी पाटी असते, शेवटच्या लॅपला घंटा वाजते. घंटा वाजल्यानंतरचे चारशे मीटर उभं राहून बघा.

स्टीपलचेस असेल तर मात्र जागा सोडा आणि पाण्याच्या खड्ड्याजवळच्या वळणावर जा. तीन हजार मीटरमध्ये २८ साधे अडथळे आणि सात वेळा पाणी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, जड लाकडाचा, हर्डलसारखा पडत नाही, आपणच पडतो. बीडच्या अविनाश साबळेने २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य मिळवलं तेव्हा सुवर्णापासून तो पाच शतांश सेकंद दूर होता. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये धावली आणि दहावी आली. पाण्याजवळ बसलात की स्पाइक्स अडथळ्यावर आपटल्याचा ठक् आवाज, मग पाण्याचा, मग ओल्या बुटांचा पच्-पच् आवाज येतो. पाचव्या उडीनंतर पाय किती खाली येतात ते बघा. पहिल्या वेळी जी पाण्याच्या कडेला उतरली होती, तीच शेवटी मधोमध पडते.

लेनमधल्या शर्यतींत, म्हणजे २०० आणि ४०० मध्ये, सुरुवातीला कोण पुढे आहे ते ठरवू नका. ४०० मीटरला आठव्या लेनची मुलगी पहिल्या लेनच्या ५३ मीटर पुढे उभी असते. शेवटच्या सरळीत येईपर्यंत थांबा. निकाल धडावर ठरतो, डोकं किंवा हात पुढे गेल्याला किंमत नसते, म्हणून फिनिशला सगळे छाती पुढे टाकतात.

फेकी आणि उड्यांना धीर लागतो. फेकींत आणि लांब उडीत प्रत्येकाला सहसा तीन प्रयत्न, मग पहिल्या आठांना आणखी तीन. मधला सगळा वेळ कोणी तरी चालत असतं, कोणी तरी मोजत असतं, आणि इथेच लोक उठून वडापाव आणायला जातात. पंचाच्या हातातला झेंडा बघत जा, पांढरा म्हणजे वैध, लाल म्हणजे फाउल. पॅरिस ऑलिंपिकच्या भालाफेकीत २०२४ मध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने दुसऱ्या प्रयत्नात ९२.९७ मीटर फेकलं. पाठोपाठ नीरज चोप्राने आपल्या दुसऱ्या प्रयत्नात ८९.४५ फेकलं, आणि त्याचे बाकीचे पाचही प्रयत्न फाउल होते. ज्यांनी फक्त निकाल वाचला, त्यांना एक आकडा मिळाला. ज्यांनी सहाही प्रयत्न बघितले, त्यांना दिसलं की तो प्रत्येक वेळी रेषेच्या किती जवळ जाऊन सगळं पणाला लावत होता. कधी कधी फेक कमी गेल्याचं कळताच खेळाडू मुद्दामही रेषा ओलांडतो, मोजमापच नको म्हणून. भाल्याला बाजूच्या स्टँडमधून, साधारण पन्नास-साठ मीटरच्या रेषेसमोरून बघा. भाला हवेत असताना थरथरतो की स्थिर जातो, आणि टोक आधी टेकतं की नाही, दोन्ही दिसतं. २०२५ च्या जुलैत बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये नीरज चोप्रा क्लासिक झाली, तिथे फक्त भालाफेकच होती. लोकांना दुसरीकडे बघायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी एकच गोष्ट नीट बघितली. बालेवाडीत ते तुम्हाला ठरवून करावं लागेल.

लांब उडीच्या खड्ड्यासमोर जागा मिळाली तर स्पर्धेआधी येऊन बसा. मुली पावलाला पाऊल लावून, टाच-बोट, टाच-बोट, रनअप मोजतात. कुणी टेप आणलेली असते, कुणी बाटलीचं झाकण खूण म्हणून ठेवते. एका राज्य स्पर्धेत मी एका मुलीला तीनदा मोजताना बघितलं. दोनदा तिचा आकडा जुळला नाही, तिसऱ्यांदा तिने चप्पल काढली, अनवाणी मोजलं आणि खूण सहा इंच मागे सरकवली. पहिल्याच उडीत पांढरा झेंडा. निकालाच्या पाटीवर मीटरच्या शेजारी अधिक-उणे असा आणखी एक आकडा दिसेल, तो वाऱ्याचा. मागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर ती कामगिरी विक्रमात धरत नाहीत, स्पर्धेत मात्र ती चालते. उंच उडीत तीन सलग चुका झाल्या की बाहेर, आणि उंची सारखी राहिली तर कमी चुका करणारा वर. तेजस्विन शंकरने २०२२ ला बर्मिंगहॅमला २.२२ मीटरवर कांस्य मिळवलं ते याच नियमाने. म्हणून उंच उडीत पहिल्या प्रयत्नात पार झालेली उडी कुणाची, हे वहीत लिहीत जा, शेवटी कामाला येतं.

स्टँडमध्ये कसं वागायचं, हे मुलीला आधी सांगा. स्टार्टर "ऑन युवर मार्क्स" म्हणाला की पूर्ण शांतता. "सेट" आणि पिस्तूल यांच्यामध्ये कोणी शिट्टी मारली, तर एखादीचा स्टार्ट चुकू शकतो, आणि शंभर-दोनशेच्या शर्यतीत एका फॉल्स स्टार्टला ती बाहेर. उसेन बोल्टसुद्धा २०११ ला देगूच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटर फायनलमध्ये असाच बाद झाला. पिस्तुलानंतर शून्य पूर्णांक एक सेकंदाच्या आत जो हलला, तो आवाज ऐकून हलला नाही, असं धरतात. उडी किंवा भाला घेणाऱ्याने हात डोक्यावर नेऊन टाळ्या मागितल्या, तर त्याच्या तालावर टाळ्या द्या. त्याने मागितल्या नसतील तर गप्प बसा, त्याला शांतता हवी असते. नाशिकची मुलगी धावत असेल तर मनसोक्त ओरडा, पण नावाने ओरडा. "नाशिक, नाशिक" पेक्षा स्वतःचं नाव ऐकलं की पाय हलतात, हे मला धावणाऱ्या मुलींनीच सांगितलंय.

जाण्याचं. नाशिक ते बालेवाडी दोनशे किलोमीटरच्या वर आहे. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर हे ठीक जातं, चाकणला मात्र गाडी अडकते, पुढे कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरही. हीट सकाळी लवकर असते. मध्यरात्री निघून मुलीला झोपेत स्टेडियमवर उतरवण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोहोचा आणि वाकड-बालेवाडी भागात मुक्काम करा. राष्ट्रीय स्पर्धांना बऱ्याचदा तिकीट नसतं, पण गेट कुठलं उघडं आहे ते पहिल्या दिवशी सुरक्षारक्षकाला विचारून घ्या, संकुल मोठं आहे. वेळापत्रक आदल्या रात्री पुन्हा बघा, बदल होतात. टोप्या, भरपूर पाणी, बसायला जाडसर चादर, कारण सिमेंटच्या पायऱ्या तापतात. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी, चिवडा घरून न्या. दुर्बीण असेल तर उत्तम. मधली दुपार रिकामी जाते, तेव्हा मुक्कामावर जाऊन झोपा आणि चार वाजता परत या, फायनल संध्याकाळी असतात.

त्याआधी एक काम नाशिकमध्येच करा. हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा जिथे कुठे असेल तिथे एखादी जिल्ह्याची मैदानी स्पर्धा तिघांनी मिळून पूर्ण बघा. झेंडे, लॅप, हीट, ब्रेकलाइन या गोष्टी तिथेच ओळखीच्या झाल्या, की बालेवाडीत गोंधळ होणार नाही.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिला शिकायला मिळेल का? भरपूर मिळेल, फक्त एक पथ्य पाळा. शर्यत संपल्यावर "बघ, तू असं कधी धावणार?" हे तिथे कोणीच म्हणायचं नाही, तुम्ही नाही, तिच्या बाबांनीही नाही. मी अनेक पालकांना हे गॅलरीत बोलताना ऐकलंय, आणि ते ऐकताच मुलीची मान खाली गेलेली बघितलीय. त्यापुढे ती मैदानाकडे बघतच नाही. तुम्ही तिला फक्त तिच्या खेळाडूबद्दल विचारा. शर्यत संपल्यावर ती मुलगी काय करते, तेही बघायला सांगा. सहावी आलेली मुलगी लेनमध्ये आडवी पडते, कोणी तरी हात देऊन उठवते, ती वाकून गुडघ्यांवर हात ठेवते, मग आपली टोपली शोधते, नंबरच्या पिना काढते, एकेक करून, बोटं थरथरत असतात. दहा मिनिटांनी ती पुन्हा सरावाच्या ट्रॅकवर हळू जॉगिंग करताना दिसते. शरीर शांत करायचं काम ती चुकवत नाही. तुमच्या मुलीला हे दिसलं, तर परत आल्यावर शर्यतीनंतर ती लगेच पाणीपुरीच्या गाडीकडे पळणार नाही.

परतताना नारायणगावला चहाला थांबाल तेव्हा वही तिच्याच हातात असू द्या. तिने टिपलेले लॅप, वळणावरच्या जागा आणि वॉर्म-अपच्या नोंदी सोमवारी तिच्या सरांना दाखवायला सांगा. हीटमध्ये आणि फायनलमध्ये त्याच मुलीचा पहिला लॅप किती बदलला, एवढी एक ओळ जरी तिने लिहिली असेल, तरी पुढच्या महिन्याची प्रॅक्टिस त्यावरून लावता येते.